पाड्याची वीज, पाड्याच्या लेकी-सुनांच्या हाती

सौर पॅनेल सहसा बिघडत नाही. चांगलं पॅनेल पंचवीस वर्षं उन्हात पडून वीज देतं. तरीही डोंगरातल्या वस्त्यांवर धूळ खात पडलेली पॅनेलं, फुगलेल्या बॅटऱ्या आणि दिवा नसलेले खांब दिसतातच. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीज तयार करून वाटणारं छोटं जाळं, मोठ्या गाजावाजात सुरू झाला. पुढे सरकारी ग्रिडची स्वस्त वीज गावात आली, बॅटऱ्या थकल्या आणि काही वर्षांत तो प्रकल्प बंद पडला. उन्हाची कमतरता कधीच नव्हती. बॅटरी बदलायला पैसा नव्हता, आणि ग्रिड आल्यावर काय करायचं हे आधी कुणी ठरवलं नव्हतं.

म्हणून या लेखात पॅनेलपेक्षा वही, किल्ली आणि मल्टिमीटर (वीज मोजायचं उपकरण) यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे. महाराष्ट्रातल्या पाड्यावर, पोडावर किंवा टोल्यावर सामूहिक सौर प्रकल्प उभा करू पाहणाऱ्या आदिवासी तरुणींसाठी तो आहे. त्या बारावी झालेल्या असोत, आयटीआय केलेल्या असोत की नुसत्या बचत गटाची वही लिहिणाऱ्या. माझं मत सरळ आहे: ज्या प्रकल्पाच्या या तीन वस्तू गावातल्या बायकांच्या हातात राहतात, तो टिकण्याची शक्यता जास्त असते. फलकावर नाव कुणाचंही असो.

आधी विचारा, मग मोजा

कोटेशन मागवण्याआधी घरोघरी जा. विचारायचं एवढंच: अंधार पडल्यावर कोणतं काम अडतं? दिवसा कोणतं? पुरुष बहुतेक वेळा टीव्ही, मोबाइल आणि शेतीपंप सांगतील. बायका पाणी, दळण आणि रात्री बाहेर जाण्याची वाट सांगतील. म्हणून बायकांशी चुलीपाशी, पुरुष घरात नसताना वेगळं बोला. उत्तरं ज्या बोलीत आली त्याच बोलीत टिपून ठेवा. गोंडी, कोरकू, भिली, वारली, जी असेल ती. ग्रामसभेत तेच शब्द वाचून दाखवले की लोक कागदाकडे पाठ फिरवत नाहीत.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट तपासा: ग्रिडचे खांब किती दूर आहेत? महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पाड्याला जोडणी कधी मिळणार आहे ते लेखी उत्तरात मागा. त्या उत्तरावर तुमचा मार्ग ठरतो.

ग्रिड घरात पोचली असेल आणि वीज बरी टिकत असेल, तर मायक्रोग्रिडच्या भानगडीत पडू नका. छतावरच्या सौर संचासाठी २०२४ पासून 'पीएम सूर्यघर' योजना आहे. तिच्यात घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मात्र ही योजना ग्रिडला जोडलेल्या छतांसाठीच आहे. घरं डोंगरभर विखुरलेली असतील, तर प्रत्येक घराला स्वतंत्र छोटा संच परवडतो, कारण तारांचा खर्च वाचतो. पंचवीस-तीसपेक्षा जास्त घरं एकमेकांजवळ आहेत, पाणीपंप किंवा गिरणीही चालवायची आहे आणि ग्रिड लवकर येणार नाही, अशा ठिकाणी सामूहिक मायक्रोग्रिडला अर्थ आहे. या लेखाचा पुढचा भाग मुख्यतः त्याबद्दल आहे.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या वस्त्यांनी पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेतून काय मिळू शकतं ते आधी विचारून घ्यावं. वीज न पोचलेल्या घरांना सौर संच देण्याचा भाग तिच्यात आहे. विचारायची जागा म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. तांत्रिक बाजूसाठी महाऊर्जेचं, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं कार्यालय.

सुरुवात एका इमारतीपासून

कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लिटल बफेलो या गावाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. लुबिकॉन क्री या आदिवासी समाजाच्या प्रदेशात २०११ साली तेलवाहिनी फुटून लाखो लिटर कच्चं तेल जमिनीवर पसरलं. त्याच समाजातल्या मेलिना लाबुकान-मासिमो हिने २०१५ मध्ये गावात २०.८ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा केला. तिने अख्ख्या गावाला वीज द्यायचा घाट घातला नाही. वीज आरोग्य केंद्राला दिली.

तुम्हीही अंगणवाडी, आश्रमशाळेचा एखादा भाग, आरोग्य उपकेंद्र किंवा समाजमंदिर निवडा. एक-दोन किलोवॅटचा संच वर्षभर चालवला, की पावसाळा अंगावर घेण्याचा अनुभव येतो, वही लिहिण्याची सवय लागते आणि मुख्य म्हणजे "पोरींना जमतं" हे गाव डोळ्यांनी बघतं. पुढची ग्रामसभा त्या एका वर्षामुळे बरीच सोपी होते.

ग्रामसभा आणि समिती

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रात पाड्याला स्वतःचं गाव म्हणून मान्यता घेता येते आणि मग त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा असते. ही मान्यता मिळालेली नसेल, तर जमल्यास आधी ते करा. मोठ्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत लहान पाड्याचा विषय नेहमी शेवटी येतो आणि तोवर लोक उठून गेलेले असतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, आणि ती कागदावरच उरकली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती खरोखर घ्या. ठराव तिथेच पक्का करा, सह्या-अंगठे घ्या आणि मग ग्रामसभेत मांडा. पाटील, भूमिया, पुजारी यांच्याकडे सभेच्या आधी जाऊन विषय कानावर घाला. परवानगी मागायला नव्हे, सांगायला. म्हातारी माणसं सभेत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला सहसा नकार देतात, आणि एकदा दिलेला नकार मागे घेणं त्यांना जड जातं.

प्रकल्प चालवणाऱ्या समितीबाबत एक अवघड प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच: "ही पोरगी उद्या लग्न करून जाईल, मग?" प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने सौर प्रशिक्षणासाठी मुद्दाम पोक्त बायका निवडल्या. प्रमाणपत्र हातात पडलं की तरुण पुरुष शहर गाठतात, आजीबाई गावातच राहते, हा त्यांचा हिशोब. तरुणींच्या प्रकल्पात याला उपाय आहे तो जोडीचा. प्रत्येक कामाला दोघी नेमा, एक गावची लेक आणि एक गावची सून. लेकीला गावातली सगळी घरं, नाती आणि भांडणं माहीत असतात. सून इथेच राहणार असते. लेक लग्न होऊन गेली की सून नव्या लेकीला शिकवते. सासरी गेलेली लेक तिथे असंच काही सुरू करील ते वेगळंच.

समितीत सात-नऊ जणं पुरेत, निम्म्याहून जास्त बायका असाव्यात. बँक खातं ग्रामसभेच्या नावाने काढा आणि सही करणाऱ्या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील असं ठरवा. सरपंच किंवा ग्रामसेवक यांची सही लागणारं खातं प्रकल्पासाठी वापरू नका. ते माणसं म्हणून वाईट असतात असं नाही, पण त्यांची बदली होते आणि निवडणुका येतात.

जागा

साधारण ८ किलोवॅटच्या संचाला पॅनेलं, मधली मोकळी जागा, बॅटरीची खोली आणि कुंपण धरून एक-दीड गुंठा लागतो. दक्षिणेला मोकळं आकाश हवं. पॅनेलांचा उतार आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे महाराष्ट्रात साधारण १६ ते २२ अंश. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात सावली पडता कामा नये. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनेलांची वीज घटते. सावलीसाठी मोहाचं झाड तोडायची वेळ येत असेल तर जागा बदला. मोहफूल घरात दरवर्षी पैसा आणतं.

जमीन कुणाची हे कागदावर बघितल्याशिवाय खड्डा खणू नका. गावठाण किंवा ग्रामपंचायतीची जागा सगळ्यात बरी. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. त्यात गावासाठीच्या १३ सुविधांची यादी आहे आणि अपारंपरिक ऊर्जा त्यात आहे. प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, अशा अटी आहेत. मात्र हे कलम शासनाने चालवायच्या सुविधांबद्दल आहे. म्हणून अर्जात प्रकल्प महाऊर्जा, आदिवासी विकास विभाग किंवा ग्रामपंचायतीमार्फत दाखवावा लागतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनीही हा टप्पा वगळू नये.

एखादा काका "माझ्या शेतात लावा" म्हणाला तर आनंद आहे, पण संमतीपत्र लेखी घ्या. त्याच्या भावांची आणि बायकोची सहीही घ्या. आणि एखादी कंपनी भाडेपट्ट्याचा कागद घेऊन आली, तर आधी लक्षात ठेवा की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बंधनं आहेत आणि ती भाडेपट्ट्यालाही लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी नसलेल्या कागदावर अंगठा देऊ नका.

विजेचा हिशोब

हे काम ठेकेदारावर सोडू नका. आकडेमोड चौथी-पाचवीची आहे. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास, आणि १,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट.

४० घरांचा पाडा धरू. एका घरात ७ वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे १०५ वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास, २४०. मोबाइलचं चार्जिंग २०. एकूण ३६५. चाळीस घरांचे झाले १४.६ युनिट. रस्त्यावरचे २० वॅटचे दहा दिवे अकरा तास जळले तर २.२ युनिट. एक एचपीचा, म्हणजे साधारण ७५० वॅटचा पाणीपंप दोन तास, १.५ युनिट. अंगणवाडी आणि शाळा मिळून ०.७. दोन एचपीची पिठाची गिरणी दोन तास, ३ युनिट. सगळं मिळून दिवसाला २२ युनिट.

इथे थांबून पंख्याकडे बघा. जुना ७५ वॅटचा पंखा धरला असता, तर पंख्यांपायीच रोज १४ युनिट जास्त लागले असते. प्रकल्पाच्या पैशातून प्रत्येक घराला बीएलडीसी पंखा देणं हे जादा पॅनेलं आणि बॅटऱ्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण पंखे वाटण्याचा फोटो पॅनेलांसारखा दिमाखदार येत नाही, म्हणून ते सहसा कुणाला सुचत नाही.

एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. बॅटरी, इन्व्हर्टर, तारा आणि धुळीतली गळती वजा जाता हाती तीन धरा. २२ भागिले ३ म्हणजे साधारण सव्वासात. उद्याची नवी घरं धरून ८ किलोवॅट. आजच्या ५४० वॅटच्या पॅनेलांनी ती १५ होतात.

बॅटरी रात्रीच्या वापरावरून ठरते. घरं आणि रस्त्याचे दिवे मिळून १६.८ युनिट. दीड दिवस ढगाळ गेला तरी निभावं असं धरलं तर २५ युनिट. लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाते. म्हणजे साधारण ३५ युनिट क्षमतेचा संच. शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच वापरायच्या असतात, म्हणून तिथे ५६ लागेल. ट्युब्युलर आज स्वस्त दिसते पण चार-सहा वर्षांत बदलावी लागते, लिथियम दहा वर्षं जाऊ शकते. जंगलातल्या पाड्यावर ट्युब्युलरमध्ये घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे कॅन वाहून नेणं कुणाच्या डोक्यावर येणार आहे, याचाही विचार करा. मी लिथियमच सुचवेन.

गिरणी आणि पंप सुरू होताना काही क्षण कित्येक पट जास्त वीज ओढतात. इन्व्हर्टर त्या झटक्याला पुरेल असा घ्या, आणि गिरणी व पंप एकाच वेळी कधीच चालवायचे नाहीत असा नियम करा. दोन्ही भर उन्हात, अकरा ते तीनमध्ये चालले की बॅटरीला हातही लागत नाही.

पैसा आणि ठेकेदार

पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते), आदिवासी विकास विभागाच्या योजना, जिल्हा नियोजन समिती, कंपन्यांचा सामाजिक निधी ही ओळखीची दारं आहेत. शेतीपंपाचा भार मायक्रोग्रिडवर घेऊ नका. त्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे, तिथे आदिवासी शेतकऱ्याचा हिस्सा ५ टक्केच असतो. आणि गावाने स्वतःचा थोडा तरी पैसा घालावा, नुसतं श्रमदान नको. ज्यात आपले दोन हजार रुपये गेले त्याची चौकशी माणूस करतोच.

ठेकेदाराशी करार करताना वॉरंटी ग्रामसभेच्या नावावर घ्या आणि प्रत्येक पॅनेल, बॅटरी व इन्व्हर्टरचा अनुक्रमांक वहीत उतरवा. पाच वर्षांची देखभाल लेखी हवी, आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल तेही. शेवटचे १५-२० टक्के पैसे एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्यायचे. या अटीला जो ठेकेदार कबूल होत नाही, त्याला जाऊ द्या. दोन्ही तंत्रज्ञ मुलींनी बांधणीच्या दिवसांत पूर्ण वेळ हजर राहून वायरी स्वतः ओढायच्या, हेही करारात लिहा. नाहीतर ठेकेदाराची पोरं "ताई, तुम्ही चहाचं बघा" म्हणतील.

वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. पण विद्युत निरीक्षकांची तपासणी करून घ्या. ती सुरक्षेसाठी आहे.

तालीम

सूर्यमित्र हे केंद्राचं ६०० तासांचं प्रशिक्षण आहे, मुख्यतः आयटीआय किंवा पदविका झालेल्यांसाठी. गावात अशी एखादी असेल तर तिला पाठवा. बाकीच्या तिच्याकडून शिकतील. शिक्षण कमी म्हणून कुणाला बाजूला ठेवू नका. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायका आयआयटी मुंबईच्या मदतीने आधी सौर दिवे जुळवायला शिकल्या आणि पुढे त्यांनी पॅनेल बनवण्याचा स्वतःचा कारखाना चालवला.

शिकायच्या गोष्टी फार नाहीत. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजणं, सैल जोड ओळखणं, इन्व्हर्टरवरचे इशारे वाचणं, बंद करण्याचा आणि चालू करण्याचा क्रम. धोके मात्र नीट शिकवा. उजेड असेपर्यंत पॅनेलातून वीज येतच राहते, तिला बटण नसतं. ओळीने जोडलेल्या पॅनेलांत शेकडो व्होल्ट असतात. चालू भारावर जोड ओढला तर ठिणगीची मोठी ज्वाळा होते, म्हणून आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच, बंद करायचा. बॅटरीपाशी जाताना बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवायच्या, पदर-ओढणी खोचायची. दोन टोकांना धातू एकदम लागला तर तो क्षणात वितळतो.

दर आणि वही

प्रकल्प जगतो की मरतो ते इथे ठरतं. समजा बॅटरीचा संच ४ लाखांचा आणि आयुष्य १० वर्षं. म्हणजे महिन्याला ३,३३३ रुपये आजपासून बाजूला पडायला हवेत. इन्व्हर्टर समजा १ लाख २० हजारांचा, आठ वर्षं टिकणारा, महिन्याला १,२५०. दोन तंत्रज्ञांचं मानधन प्रत्येकी २,५००, म्हणजे ५,०००. किरकोळ दुरुस्ती १,०००. एकूण १०,५८३ रुपये. चाळीस घरांत वाटले तर घरटी २६५ रुपये होतात, आणि ते बहुतेक पाड्यांना जड आहेत.

म्हणून सगळा भार घरांवर टाकू नका. रस्त्याचे दिवे आणि पाणीपंप यांचा खर्च ग्रामपंचायतीने द्यावा, समजा २,०००. गिरणीने महिन्याला २,५०० मिळवून द्यावेत. उरले ६,०८३, म्हणजे घरटी सरासरी १५२. त्यात नुसते दिवे असलेल्या घराला १००, पंखेवाल्याला १६०, टीव्हीवाल्याला २०० असे टप्पे पाडता येतात. तुमच्या गावचे आकडे घालून हाच हिशोब ग्रामसभेत फळ्यावर करा. मानधन कापून दर कमी करण्याची सूचना हमखास येईल, आणि तीही "पोरी घरच्याच आहेत" म्हणून. मान्य करू नका. फुकट केलेलं काम पहिल्या पेरणीच्या दिवसांत बंद पडतं.

दर महिन्याला वसुली हा शहरी हिशोब झाला. पाड्यावर पैसा मोहफुलाला येतो, तेंदूपानाला येतो, धान निघाल्यावर येतो. त्या वेळी तीन-चार महिन्यांचे एकदम घ्या, आगाऊ देणाऱ्याला थोडी सूट द्या. दिवाळीनंतर जी घरं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांची जोडणी बंद ठेवून नाममात्र आकार लावा. नाहीतर परत आल्यावर थकबाकीचा डोंगर बघून ते घर कायमचं तुटतं आणि रात्री आकडा टाकतं. प्रत्येक घराला एक अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवला की त्या घराचा भार २३० वॅटच्या आसपासच राहतो. कुणी हीटर लावला तर त्याचाच दिवा जातो, गावाचा नाही.

वहीतली जमा आणि खर्च दर पौर्णिमेला किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचा. बॅटरीचे पैसे वेगळ्या खात्यात, मुदत ठेवीत ठेवा. लग्न, आजारपण, जत्रा यासाठी त्यातून उसने मागणारे येतील. त्यांना बचत गटाकडे पाठवा.

पावसाळ्याआधी आणि नंतर

मे महिन्यात अर्थिंग तपासा, आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधक खांबाची तार जमिनीपर्यंत अखंड आहे ना बघा, तारांवर टेकणाऱ्या फांद्या छाटा. जुलै-ऑगस्टमध्ये वीज निम्म्यावर येते. तेव्हाचं वेळापत्रक आधीच लावून ठेवा: दिवे आणि उपकेंद्र पहिले, मग पंखे, गिरणी फक्त उघाडीच्या दिवशी. उन्हाळ्यात पॅनेलं आठ-पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने पुसा, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, साबण नको.

ग्रिड येण्याची तयारी पहिल्याच दिवशी करा. ग्रिडशी जुळणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि तारा-खांब मानकांप्रमाणे बसवा. ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवा की ग्रिड आल्यावर हा संच उपकेंद्र, पाणीपंप, गिरणी आणि वीज गेल्यावरचे रस्त्याचे दिवे यांच्यासाठी चालेल, आणि बॅटरी-निधी दुसरीकडे वळवता येणार नाही.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला विकू नका, शिसं आणि आम्ल ओढ्यात जातं. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि निकामी पॅनेलंही आता ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. खरेदीच्या करारातच एक ओळ घाला: आयुष्य संपलेली बॅटरी आणि पॅनेल पुरवठादार पाड्यावरून स्वखर्चाने उचलून नेईल आणि त्याची पावती ग्रामसभेला देईल.